किती कापावे?

आमच्या जिनिंगमध्ये एक सोबती होता. संपाच्या सभेत त्याची घोषणा बाजारापर्यंत ऐकू जाई. वर्षानुवर्षे खर्रा खाऊन त्याच्या जिभेच्या कडेला व्रण झाला. हंगाम बुडू नये म्हणून चार महिने तो बोललाच नाही. त्याच्या निमित्ताने आम्ही जे वाचले, ते आपल्यापुढे मांडतो.

सबंध अवयव न काढता रोगट भाग तेवढा काढावा, ही विद्या पोटाच्या बाबतीत फार जुनी नव्हे. 1846 साली ईथरची भूल आली, 1867 साली लिस्टरने जंतुनाशक पद्धत प्रसिद्ध केली. मग शस्त्रवैद्याला पोट उघडण्याचे धैर्य आले. 29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्नात बिलरोथने जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून उरलेले जठर आतड्याला शिवले. रोगी बाई शस्त्रक्रियेतून वाचली. परंतु रोग आधीच पसरला होता, चार महिन्यांनी ती गेली. हात कुशल होता, वेळ टळली होती.

आपल्याकडे 1941 साली मुंबईच्या गिरणगावात, परळला, टाटा रुग्णालय उघडले. जिभेच्या कर्करोगात गाठीसोबत भोवतालचा सुमारे एक सेंटिमीटर निरोगी भागही काढतात. उरलेली जीभ पुन्हा बोलायला शिकते. रोग लवकर सापडला, मानेत काही हाताला लागत नाही, तरी तेथील लसीकाग्रंथी तेव्हाच काढाव्यात की वाट पाहावी, हा जगभरचा वाद होता. याच रुग्णालयाच्या 2015 सालच्या अभ्यासाने उत्तर दिले: आधीच काढल्यास तीन वर्षांनी 80 टक्के रोगी हयात, वाट पाहिल्यास 67.5 टक्के.

वाट पाहणे महागात पडते, हे शास्त्राने सिद्ध केले. पण मजूर वाट का पाहतो? यवतमाळहून धामणगावला जाऊन मुंबईची गाडी धरायची, तर तिकिटापेक्षा बुडालेली मजुरी जड होते. 1948 च्या कामगार राज्य विमा कायद्याने आजारपणात पैसे देऊ केले. मात्र हंगामी कारखाने वगळले, आणि त्यांत कापसाचे जिनिंग-प्रेसिंग नावानिशी आहे. 2020 च्या संहितेनेही हंगामी कारखान्याला बाहेरच ठेवले. सरकारी योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च भागतो, चुलीचा भागत नाही.

आमचा सोबती वाचला, पण निम्मी जीभ गेली. चार महिने आधी गेला असता तर कमी गेली असती. म्हणून आमची मागणी साधी आहे: हंगामाच्या आरंभी प्रत्येकाचे तोंड तपासावे, आणि आजाऱ्याची मजुरी चालू ठेवावी. किती कापावे हे शस्त्रवैद्य ठरवतो खरे. परंतु त्यातले बरेचसे हजेरीपटावर आधीच ठरलेले असते.