विद्यार्थिनीचा निबंध : एक ऐतिहासिक साधन

विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या निबंधांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची प्रथा आपल्याकडे फारशी नाही. समाजातील एखादा प्रश्न, एखादा ग्रंथ वा कवी, नाहीतर नित्याच्या व्यवहारातील एखादी वस्तू असे विषय शाळेत वर्षानुवर्षे दिले जातात. त्यांवर लिहिलेल्या वह्या तपासल्या जातात आणि वर्ष संपताच रद्दीत जातात. या लेखनात स्वतःचे असे काही नसते, पाठ दिलेल्या विचारांची ती उजळणी असते, असा आपला समज असतो. तो पुष्कळ अंशी खराही आहे. परंतु मराठी गद्याच्या आरंभकाळातील एक शालेय निबंध असा आहे की, तो वाचल्यावर हा समज तपासून पाहणे भाग पडते. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने लिहिलेला 'मांगमहारांच्या दुःखाविषयी' हा तो निबंध होय. अमेरिकन मराठी मिशनच्या 'ज्ञानोदय' पत्राच्या १५ फेब्रुवारी १८५५ व १ मार्च १८५५ या दोन अंकांत तो छापला गेला. लेखिका तेव्हा किशोरवयीन होती.

प्रथम काळाची चौकट ध्यानात घ्यावयास हवी. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ मध्ये निघाले आणि मराठीत लोकशिक्षणपर गद्याला प्रारंभ झाला. भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' पत्रात लोकहितवादींची शतपत्रे १८४८ ते १८५० या काळात प्रसिद्ध झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ मध्ये सुरू झाली. मराठी निबंधाचा इतिहास सांगताना आपण सामान्यतः या तीन टप्प्यांवरूनच पुढे जातो. यांतील दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यांमध्ये जवळजवळ पाव शतकाचे अंतर आहे. मुक्ता साळवे यांचा निबंध या अंतरात, लोकहितवादींनंतर पाच वर्षांनी व 'निबंधमाले'च्या एकोणीस वर्षे आधी, येतो. असे असूनही निबंधवाङ्मयाच्या रूढ आलेखात त्याला स्थान मिळालेले नाही. या उपेक्षेचे कारण आकारात शोधता येणार नाही, कारण शतपत्रांतील पुष्कळ पत्रे याहून लहान आहेत. निबंध म्हणजे व्युत्पन्न पुरुषाने अज्ञ वाचकास उद्देशून केलेले विवेचन, ही जी कल्पना आपण गृहीत धरून चाललो, तिच्यात ही मुलगी बसत नाही, हेच खरे कारण होय.

निबंधातील युक्तिवादाची रचना साधी पण घट्ट आहे. आरंभी धर्मग्रंथाचा प्रश्न आहे. वेद हे केवळ ब्राह्मणांचे आणि इतरांनी ते पाहू नयेत असे असेल, तर आमच्यापाशी धर्मग्रंथच नाही असे ठरते. ग्रंथ नाही तर धर्मही नाही, असे अनुमान ती काढते. इतर समाज आपापल्या ग्रंथाच्या आधाराने चालतात, मग आमचा धर्म कोणता, असे ती थेट ईश्वरालाच विचारते. ज्या धर्मात एकाने भोगावे आणि बाकीच्यांनी वंचित राहावे, तो पृथ्वीवरून नाहीसा व्हावा, असेही ती म्हणते. येथे तर्कशास्त्राची परिभाषा कोठेही नाही, तथापि प्रतिपक्षाचेच गृहीतक स्वीकारून त्याचा अनिष्ट निष्कर्ष दाखविण्याची खंडनमंडनातील जुनी रीत येथे नेमकी वापरलेली आहे.

यापुढे पेशवाईतील छळाचे वर्णन येते. इमारतीच्या पायात माणसांस तेलशेंदूर पाजून पुरल्याचा, तालीमखान्यावरून जाणाऱ्याचे शिर उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केल्याचा उल्लेख तिने केला आहे. इंग्रजी अंमलात हा जुलूम कमी झाला, चांगले वस्त्र अंगावर घेण्याची व व्यापार करण्याची मोकळीक मिळाली, असेही ती नमूद करते.

या भागाचा पुरावा म्हणून उपयोग करताना अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि निबंध १८५५ मधला आहे, अर्थात लेखिकेने यांतील काहीही स्वतः पाहिलेले नाही. तेव्हा अमुक घटना अमुक दिवशी घडली हे सिद्ध करण्यास हा मजकूर पुरेसा नाही. परंतु एवढ्यावरून तो टाकाऊ ठरविणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. राज्य बुडून सदतीस वर्षे झाल्यावर त्या राज्याची कोणती आठवण एका वस्तीत आजी-आजोबांच्या तोंडून नातवंडांपर्यंत पोचत होती, याचा हा समकालीन आणि लेखी पुरावा आहे. दप्तरखान्यातील कागद राज्यकर्त्याची नोंद सांगतात. ज्यांना दप्तरात लिहिण्याचा अधिकारच नव्हता, त्यांची स्मृती अशाच लेखनातून हाती येते. या दोन्ही साधनांना वेगवेगळे प्रश्न विचारावयाचे असतात. एकाचे उत्तर दुसऱ्याकडून मागितले की इतिहासकार फसतो.

आता अधिक नाजूक शंकेकडे वळू. हे विचार त्या मुलीचे की तिच्या गुरूंचे? शंका अवाजवी नाही. जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ मध्येच लिहिले. वेदांवरील एकाधिकार, पेशवाईतील अन्याय आणि विद्येचे महत्त्व हे विषय पुढे १८७३ मधील 'गुलामगिरी'त विस्ताराने आले. शाळेत हे विषय बोलले जात असणार आणि निबंधाच्या पहिल्या भागावर त्या शिकवणुकीचा ठसा असणार, हे मान्य करावयास हरकत नाही. शिवाय निबंध मिशनच्या पत्रात छापला गेला असल्यामुळे संपादकाची निवड व त्याचा हेतू हेही लक्षात घेतले पाहिजेत. परंतु निबंधातील सर्वच मजकूर एका प्रतीचा नाही. त्यातील तीन स्थळे विशेष बारकाईने पाहण्यासारखी आहेत.

पहिले स्थळ प्रसूतीचे. आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते आणि थंडीपावसात त्यांचे हाल होतात, असे तिने लिहिले आहे. दुसरे स्थळ मुलांच्या भांडणाचे. ब्राह्मणांच्या मुलांनी दगड मारून रक्त काढले तरी आमची मुले सरकारात तक्रार नेत नाहीत, कारण उष्टे अन्न मागावयास पुन्हा त्यांच्याच घरी जावे लागते. तिसरे स्थळ महार व मांग यांच्या परस्परसंबंधांचे. महारांनीही वरच्यांच्या वृत्तीचा अंश घेतला असून ते आम्हांस हलके मानतात, असे ती स्पष्टपणे सांगते.

ही तीन विधाने कोणत्याही पाठातून आलेली दिसत नाहीत. बाळंतिणीचे हाल तिने आपल्या वस्तीत पाहिलेले असणार. दगडाचे उदाहरण तर विशेष विचार करण्याजोगे आहे. १८५५ मध्ये न्यायालये होती, कायदा कागदावर सर्वांना सारखा होता, तरी दाद का मागितली जात नव्हती, याचे उत्तर तिने एका वाक्यात दिले आहे. ज्याच्या दारी अन्नासाठी उभे राहावयाचे त्याच्याविरुद्ध फिर्याद करता येत नाही. हक्क आणि उपजीविका यांच्यातील हा संबंध पुढे समाजशास्त्रज्ञांनी पुष्कळ परिभाषा वापरून मांडला. येथे तो उष्ट्या अन्नाच्या एका साध्या गोष्टीत सामावला आहे. तिसऱ्या विधानाचे मोल आणखी निराळे. उच्चवर्णीयांवर टीका करणे हा शाळेचा पाठ असू शकेल, परंतु दडपलेल्यांतही उतरंड असते, आणि त्या उतरंडीत आपण खालच्या पायरीवर आहोत, हे ज्याला रोज सोसावे लागते त्यालाच प्रथम दिसते.

तात्पर्य, गुरूची शिकवण आणि शिष्येचा अनुभव यांची सीमारेषा निबंधातच सापडते. शिकवणुकीने तिला प्रश्न विचारण्याची पद्धत दिली. विचारावयाचे प्रश्न मात्र तिच्या घरात अगोदरच होते. येथे कालक्रमही विसरता कामा नये. 'गुलामगिरी' या निबंधानंतर अठरा वर्षांनी आली, ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' सत्तावीस वर्षांनी, १८८२ मध्ये, आली. प्रभाव एकाच दिशेने, वरून खाली, वाहिला असेच का समजावे? आपल्या शाळेतील मुलामुलींच्या तोंडून वस्तीतील जे जीवन जोतीरावांच्या कानी आले असेल, त्याने त्यांचे विचार घडविण्यास काहीच हातभार लावला नाही असे म्हणणे धाडसाचे होईल.

निबंधाच्या अखेरीस ती आपल्याच समाजबांधवांकडे वळते आणि दारिद्र्याने व दुःखाने पिडलेल्या महारमांगांनी ज्ञानरूपी औषध घ्यावे असे आवाहन करते. हा शेवट त्या काळच्या उपदेशपर लेखनाला धरून आहे, आणि त्यात नवीन फारसे नाही. पण तो लिहिणाऱ्या व्यक्तीचा विचार केला की त्याचा अर्थ पालटतो. लोकहितवादींनी ब्राह्मणांना दोष दिला तो ब्राह्मणांपैकी एक म्हणून, जाणत्या सरकारी अधिकाऱ्याच्या भूमिकेवरून. येथे ज्यांच्याविषयी इतर लोक लिहीत होते, त्यांच्यापैकीच एक प्रथमच स्वतःविषयी छापील अक्षरांत बोलत होती.

नारायण विष्णु जोशी यांच्या 'पुणे शहराचे वर्णन' या १८६८ मधील ग्रंथातही या निबंधाची दखल घेतलेली आढळते. त्यानंतर दीर्घकाळ तो अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिला. आज त्याचे वाचन पुष्कळ होते, पण बहुधा गौरवासाठी होते. गौरव योग्यच आहे, तथापि ज्याचा केवळ गौरव होतो त्याची चिकित्सा थांबते, आणि चिकित्सा थांबली की साधनाचे पुतळ्यात रूपांतर होते.

या निबंधाचे टिकणे हा निव्वळ योगायोग होय. एका पाक्षिकाने तो छापला म्हणून तो उरला. त्याच शाळेत, त्याच वर्षी, इतर मुलामुलींनीही काही लिहिले असेल. त्यांच्या पाट्या पुसल्या गेल्या. पदव्युत्तर वर्गातील आपल्या विद्यार्थ्यांनी याचा एक व्यावहारिक अर्थ घ्यावा. जुन्या शाळांची दप्तरे, परीक्षांच्या उत्तरपत्रिका, हस्तलिखित वार्षिके जेथे कोठे शिल्लक असतील तेथे ती रद्दीत जाण्यापूर्वी पाहावीत. त्यांतील नव्वद टक्के मजकूर पाठांतराचा निघाला तरी निराश होण्याचे कारण नाही. कोठेतरी पाठ संपतो आणि मुलाचे घर सुरू होते. ती जागा ओळखता येणे हेच आपल्या शास्त्राचे शिक्षण होय. आणि जे अध्यापक आहेत त्यांनी पुढच्या वेळी वह्यांचा गठ्ठा तपासावयास घेताना एवढे स्मरावे की, १८५५ मधील तो निबंधही कोणातरी शिक्षकाने प्रथम असाच हातात घेतला होता, आणि तो वाचण्यासारखा आहे हे त्याला वेळीच कळले होते.