आर्थर रोडचे रुग्णालय आणि इ. स. १८९६ चा दंगा

विलायतेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलगीकरणाची जी रुग्णालये उभी राहिली, त्यांत आरक्तज्वराच्या मुलांचाच भरणा फार असे. तो ज्वर घशातून घशात जातो. सबब रोगी हलविण्यात अर्थ होता. त्याच धर्तीच्या मुंबईतील आर्थर रोडच्या रुग्णालयावर मात्र ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, प्रसंग ओढवला.

या प्रसंगाचा अस्सल कागद म्हणजे तेथील डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांचा छापील अहवाल. २४ सप्टेंबर १८९६ पासून २८ फेब्रुवारी १८९७ पर्यंतच्या ९३९ रोग्यांवरून तो सिद्ध केला आहे. पोथ्यांच्या संग्राहकांस तो नीरस वाटेल. आमच्या मते त्याचे मोल एखाद्या जुन्या दप्तराहून उणे नाही. हमखास गुणाचे औषध त्या काळी कोणापाशीच नव्हते. शुश्रूषा करावी आणि हृदय खचू देऊ नये, इतकाच काय तो उपाय.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रोग्यांस सक्तीने हलविण्याचा जाहीरनामा काढला. २९ तारखेस सुमारे हजार गिरणीकामगार रुग्णालयावर चालून गेले. दुसऱ्याच दिवशी, घरी नीट अलग ठेवता येईल अशा रोग्यांपुरती सक्ती सैल झाली. आत माणसांची मोमियाई काढतात, अशी वदंता होती. ती निव्वळ अडाणीपणाची म्हणून सोडून देण्याचा प्रघात आम्हांस मान्य नाही. नेलेला माणूस बहुधा परत येत नसे, आणि आत काय चालते हे आप्तांस दिसत नसे. मग दुसरे काय बोलले जाणार?

पुढे १८९८ त सिमोंद यांनी उंदरांवरील पिसवांचा संबंध दाखविला. रोग फुप्फुसात उतरला तर श्वासाने पसरतो हे खरे. परंतु नुसत्या गाठीच्या रोग्यापासून उशाशी बसणाऱ्यास फारसे भय नसते. भय होते ते घरात मेलेल्या उंदरांचे. हे ना जमावास ठाऊक होते, ना अधिकाऱ्यांस.

पुण्याजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंतराव फुले यांनी दवाखाना घातला, तेथे त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई स्वतः रोगी आणीत. १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या निवर्तल्या. मुंबईतही पुढे निरनिराळ्या जातींनी व पंथांनी आपापली प्लेग-रुग्णालये काढली. आर्थर रोडचे रुग्णालय कस्तुरबांच्या नावाने आजही सांसर्गिक रोग्यांसाठी चालू आहे.