मुंबईचे वीजजाळे आणि संचयाचा प्रश्न

वीज ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी ती वापरली गेली पाहिजे, हा विद्युत्‌व्यवस्थेचा मूलभूत नियम होय. धान्याची कणगी भरून ठेवावी तशी ती भरून ठेवता येत नाही. म्हणून कोणत्याही शहराला ऊर्जा अन्य रूपाने साठवावी लागते, शेजारच्या व्यवस्थेशी जोडून घ्यावे लागते, किंवा संकटकाळी एकट्याने उभे राहण्याची तयारी ठेवावी लागते. स्मार्ट ग्रिड, मायक्रोग्रिड व ऊर्जासंचय या नावांनी आज जी चर्चा चालते ती या तीन उपायांचीच आहे. हे उपाय एकविसाव्या शतकाची निर्मिती आहेत असा समज रूढ होत असला, तरी मुंबईचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

मुंबईच्या विजेचा आरंभच संचयातून झाला. जमशेटजी टाटा यांच्या मनातील योजना त्यांच्या मृत्यूनंतर (१९०४) आकारास आली. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचे पाणी अडवावयाचे आणि ते वर्षभर सुमारे सतराशे फूट खाली सोडून वीज निर्माण करावयाची, असा हा बेत होता. गिरण्यांना कोळसा दूरवरून आणावा लागे. घाटमाथ्यावर साठविलेले पाणी ही त्या कोळशाला पर्यायी अशी शिलकी ऊर्जाच होती. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी व १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे तिला जोडली गेली. निसर्गतः पूर्वेकडे भीमेला मिळणारे पाणी या योजनांनी पश्चिमेकडे कोकणात उतरविले, हीही गोष्ट येथे नमूद केली पाहिजे.

या संचयाची किंमत कोणी दिली, हे मुळशीच्या इतिहासावरून स्पष्ट होते. भिरा केंद्रासाठी नीला व मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचे ठरले, तेव्हा मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावांच्या जमिनी बुडणार होत्या. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन सरकारने त्या खाजगी कंपनीसाठी संपादन केल्या. एप्रिल १९२१ मध्ये सत्याग्रहास प्रारंभ झाला. पांडुरंग महादेव बापट यांना याच लढ्याने ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली. विनायकराव भुस्कुटे यांनीही त्याचे नेतृत्व केले. १९२४ पर्यंत लढा ओसरला व धरण पूर्ण झाले. मोबदला किती मिळावा याविषयी मावळ्यांमध्ये व त्यांच्या पुढाऱ्यांमध्ये मतभेद होते. तथापि वादाचे मूळ मोबदल्यात नव्हते. शहराच्या उपयोगासाठी गावाने जमीन सोडावी काय, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा प्रश्न होता.

दुसरा टप्पा जोडणीचा. १९५६ मध्ये ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र सुरू झाले. १९६२ मध्ये कोयनेची व १९६९ मध्ये तारापूरची वीज उपलब्ध झाली, आणि मुंबई क्रमाने पश्चिम विभागाच्या जाळ्याचा भाग बनली. जोडणीचा लाभ उघड आहे. एका केंद्रातील बिघाड दुसरे केंद्र सावरून घेते. परंतु जी वाहिनी मदत आणते तीच दुसऱ्याचे संकटही आणू शकते. म्हणून १९८१ मध्ये मुंबईसाठी ‘आयलंडिंग’ची योजना अमलात आली. बाहेरच्या जाळ्यातील वारंवारता ठराविक मर्यादेखाली घसरली की सीमेवरील जोडण्या आपोआप सुटाव्यात, शहरातील काही भार टप्प्याटप्प्याने तोडला जावा, आणि उरलेला भार स्थानिक जनित्रांनी उचलावा, अशी ही रचना आहे. मायक्रोग्रिडचे तत्त्व यापेक्षा वेगळे नाही.

या रचनेला एक अट होती. शहरातील निर्मिती आणि शहराची मागणी यांत फार अंतर पडता कामा नये. पुढील दशकांत नेमके हेच अंतर वाढत गेले. बाहेरची वीज स्वस्त मिळू लागली आणि शहरात नवे औष्णिक संच उभारणे दुष्कर झाले. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिणेचे जाळे जोडले जाऊन सारा देश एका वारंवारतेवर चालू लागला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा परिसरातील ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या. शहर वेगळे झाले, पण स्थानिक जनित्रांना भार पेलला नाही आणि बेटही कोसळले. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. या घटनेमागे सायबर हल्ला असल्याची शंका राज्यात व्यक्त झाली, तर मार्च २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. यांपैकी कोणतेही कारण ग्राह्य धरले, तरी ते केवळ निमित्त ठरते. बेट का टिकले नाही, याचे उत्तर आधीच्या दशकांत शोधावे लागते. पुरवठा पूर्ववत करताना घाटातील जलविद्युत्‌ संचही उपयोगी पडले, हे लक्षणीय आहे. पाण्यावर चालणारा संच काही मिनिटांत सुरू होऊ शकतो. जुन्या संचयाचे मोल नव्या जाळ्यात कमी झालेले नव्हते.

तिसऱ्या टप्प्यावर संचयाचा विचार पुन्हा अग्रभागी आला. सौरवीज दुपारी विपुल असते आणि दिवेलागणीला नाहीशी होते. दिल्लीतील रोहिणी येथे २०१९ मध्ये १० मेगावॉटची बॅटरी बसविण्यात आली. परंतु मोठ्या प्रमाणावर व अनेक तास ऊर्जा साठविण्यास उदंचन जलविद्युत्‌ हा दीर्घकाळ पारखलेला मार्ग आहे. शिलकी विजेने पाणी वर चढवावयाचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडावयाचे. यात चढविण्यास लागलेल्या विजेचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग परत मिळतो. भिरा येथे १५० मेगावॉटचा असा संच १९९० च्या दशकात बसविला गेला. २००८ मध्ये घाटघर येथे २५० मेगावॉटचे केंद्र सुरू झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये शिरवटा येथे १,८०० व भिवपुरी येथे १,००० मेगावॉटच्या उदंचन केंद्रांसाठी टाटा पॉवर कंपनीने राज्य शासनाशी करार केला. शंभर वर्षांपूर्वीचीच ठिकाणे पुन्हा नकाशावर आली आहेत.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, संचय, जोडणी व स्वावलंबन यांपैकी एकाची सोय झाली म्हणून दुसऱ्याची हेळसांड केल्यास तिचा परिणाम वर्षानुवर्षे दडून राहतो आणि एका सकाळी प्रकट होतो. दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. वीज साठविण्यासाठी उंचावरची जागा व पाणी लागते, आणि ती दोन्ही कोणाच्या तरी उपजीविकेची साधने असतात. सह्याद्रीतील नव्या योजनांचा हिशेब मेगावॉटांत मांडला जाईल, हे स्वाभाविकच आहे. मात्र मुळशीने १९२१ मध्ये विचारलेला प्रश्न त्या हिशेबात नसेल, तर तो हिशेब अपुरा राहील.