गाडी बदलण्याचे मूळ

लांबच्या, निसर्गरम्य प्रवासात वारंवार गाडी बदलावी लागते, याचे खापर आपण डोंगरांवर फोडतो. इतिहास वेगळे सांगतो. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात भारतातल्या रेल्वेसाठी रुळांमध्ये 1676 मिलिमीटर अंतर असलेला रुंद मार्ग ठरला. 1870 मध्ये व्हाइसरॉय मेयोच्या सरकारने खर्च वाचवण्यासाठी एक मीटरचा मार्गही स्वीकारला. दोन रुंदी जिथे भेटत, तिथे उतरणे आलेच. 1971 मध्ये पुणे-मिरज मार्ग रुंद झाला, पण पुढचा गोव्याकडचा मीटरगेजच राहिला. मग गोव्याच्या प्रवाशाने ट्रंक, होल्डॉल आणि झोपलेली मुले घेऊन मिरजेला उतरावे, हमालामागे धावावे आणि दुसऱ्या गाडीत पुन्हा जागा शोधावी. कॅसलरॉकचा घाट आणि दूधसागर दिसायचा तो या दमछाकीनंतर.

कोणी म्हणेल, घाटात अरुंद रूळच सोयीचे. अरुंद मार्गाला वळणे सोपी जातात आणि खर्चही कमी येतो, हे खरेच. पण बोरघाट 1863 मध्येच रुंद मार्गाने ओलांडला गेला होता. दुसरे उत्तर कोकण रेल्वेचे: 1998 पासून कर्बुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि रत्नागिरीजवळचा पानवलचा उंच पूल पार करून एकच गाडी मुंबईहून थेट मंगळूरकडे जाते. म्हणून प्रवास आखताना आधी थेट गाडी शोधा. खिडकी एकदा मिळाली की ती शेवटपर्यंत आपली राहिली पाहिजे.