काय म्हणतोस? आकाशभाषिताची कुळकथा

‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला कण्वांचा एक शिष्य हातात दर्भ घेऊन रंगमंचावर येतो. दूरवर त्याला प्रियंवदा दिसते. हा वाळ्याचा लेप आणि ही कमळाची पानं कुणासाठी चालवली आहेस, असं तो तिला विचारतो. प्रियंवदा रंगमंचावर नाहीच. शिष्य क्षणभर कान देतो, ‘काय म्हणतेस?’ असं पुटपुटतो आणि तिचं उत्तर स्वतःच सांगून टाकतो: शकुंतलेला ऊन बाधलं आहे. ‘मुद्राराक्षसा’च्या दुसऱ्या अंकात गारुड्याच्या वेषातला विराधगुप्तही असाच न दिसणाऱ्या वाटसरूंशी बोलत येतो. या युक्तीला नाट्यशास्त्राने आकाशभाषित म्हटलं. समोर कुणी नाही, तरी आहे असं धरायचं. प्रश्न विचारायचा, ऐकल्याचा अभिनय करायचा आणि ऐकलेलं आपल्या तोंडाने उच्चारायचं.

नाटककारांनी ही युक्ती सोयीपुरती वापरली. एक पात्र वाचतं आणि बातमी लवकर पोचते. संस्कृतात एक नाट्यप्रकार मात्र सबंध या एकाच युक्तीवर उभा राहिला. तो म्हणजे भाण. भरताने दिलेल्या दहा रूपकांत त्याची गणना आहे. एक अंक, एक नट आणि वाटेत भेटणारी अख्खी नगरी. नायक बहुधा विट असतो: पैसा उधळून बसलेला, कलांचा जाणकार, गणिकांच्या वस्तीत ऊठबस असलेला, जिभेला धार असलेला नागर माणूस. कुणाचा तरी निरोप घेऊन तो निघतो, रस्त्यात दहा जणांना अडवतो, आणि त्या दहांचं बोलणं आपल्याला त्याच्याकडूनच कळतं.

माझ्या मते संस्कृतातल्या उपहासाला सगळ्यात धारदार हत्यार मिळालं ते इथे. प्रहसनात ढोंगी साधू स्वतः बोलतो, स्वतःची बाजू मांडतो आणि फसतो. भाणात त्याला स्वतःचा आवाजच नाही. त्याचं समर्थन टिंगल करणाऱ्याच्या तोंडून येतं. विट ते शब्दशः सांगतो, पण कुठे थांबायचं, कुठे भुवई उचलायची, हे त्याच्या हातात. प्रेक्षक एकाच वेळी दोन गोष्टी ऐकतो, त्या माणसाचं म्हणणं आणि विटाचा त्यावरचा अविश्वास. फोनवर बोलणाऱ्या माणसाजवळ बसलं की पलीकडचं न ऐकताही पलीकडचा माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो, तसाच हा प्रकार.

जुन्या भाणांतले चार आज आपल्या हाती आहेत: शूद्रकाच्या नावावरचा ‘पद्मप्राभृतक’, ईश्वरदत्ताचा ‘धूर्तविटसंवाद’, वररुचीच्या नावावरचा ‘उभयाभिसारिका’ आणि श्यामिलकाचा ‘पादताडितक’. या चौघांची नावं गुंफून, यांच्यापुढे कालिदासाची काय मातब्बरी, असं विचारणारा एक जुना श्लोकही आहे. तरीही कित्येक शतकं हे भाण वाचकांच्या नजरेआड होते. मानवल्ली रामकृष्ण कवी आणि एस. के. रामनाथ शास्त्री यांनी 1922 साली ते ‘चतुर्भाणी’ या नावाने छापले, तेव्हा कुठे ते पुन्हा प्रकाशात आले. पुढे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाचे संचालक डॉ. मोतीचंद्र आणि वासुदेवशरण अग्रवाल यांनी ‘शृंगारहाट’ या नावाने त्यांचा सटीप हिंदी अनुवाद केला. मराठी वाचकाने या दालनात शिरायचं तर ते दार सगळ्यात जवळचं.

‘पद्मप्राभृतका’त शश नावाचा विट उज्जयिनीच्या रस्त्याने चालला आहे. त्याला दत्तकलशी हा वैयाकरण भेटतो. कातंत्र व्याकरणवाल्यांशी वाद घालून तो त्रासलेला आहे आणि साधी विचारपूस केली तरी दात हलतील अशी क्रियापदं तोंडावर फेकतो. विट त्याला विनवतो, बाबा रे, चारचौघांसारखं बोल. (पैठणच्या सातवाहन राजाला सहा महिन्यांत संस्कृत यावं म्हणून शर्ववर्म्याने हे सोपं कातंत्र रचलं, अशी ‘कथासरित्सागरा’त कथा आहे. सोप्या व्याकरणाची लोकप्रियता पाणिनीयांना किती झोंबत होती, ते या प्रसंगात दिसतं.) पुढे गणिकांच्या वस्तीतून अंग चोरत बाहेर पडणारा संघिलक नावाचा भिक्षू दिसतो. इकडे कसा, या प्रश्नावर त्याचं उत्तर येतं: एका गणिकेची आई वारली, तिला बुद्धवचन ऐकवून धीर द्यायला आलो होतो. हे उत्तर भिक्षूच्या तोंडी असतं तर आपण कदाचित क्षणभर विश्वास ठेवला असता. ‘काय म्हणतोस?’ म्हणून विट ते परत उच्चारतो, त्याच क्षणी ते कोसळतं.

‘उभयाभिसारिके’ची मांडणी याहून हलकी आणि मोहक आहे. कुसुमपुरातल्या दोन रुसलेल्या प्रेमिकांचा समेट घडवायला विट निघतो. वाटेत गप्पांत रमतो, विलासकौंडिनी या परिव्राजिकेशी वैशेषिकांच्या सहा पदार्थांवरून थट्टा करतो. तो पोचेपर्यंत ते दोघे आपापले एकमेकांकडे निघालेलेही असतात.

मला सगळ्यात मोठा वाटतो तो ‘पादताडितक’. मदनसेनिका या गणिकेने विष्णुनाग या ब्राह्मण अधिकाऱ्याच्या डोक्यावर लाडाने पाय ठेवला. त्याला तो विटाळ वाटला आणि तो प्रायश्चित्त विचारायला ब्राह्मणांकडे गेला. त्यांनी त्याला विटांच्या सभेकडे धाडलं. सभा भरते, आणि तिथे प्रश्नच उलटा होतो: असल्या अरसिक डोक्याला लागून बाटला तो तिचा पाय, त्याची शुद्धी कशी करायची? एकेक जण गंभीरपणे धर्मनिर्णय सुचवतो. अखेर सभेचा प्रमुख भट्टिजीमूत आपलंच डोकं पुढे करतो. तिने पाय त्याच्या डोक्यावर ठेवावा आणि विष्णुनागाने ते पाहावं, हेच प्रायश्चित्त. या भाणात लाट, सुराष्ट्र, अपरान्त असे देशोदेशीचे लोक एका शहरात गोळा झालेले दिसतात. अपरान्त म्हणजे आपलं उत्तर कोकण. तिथला अधिपती इंद्रवर्मा याचंही नाव येतं. अशा नावांच्या आधारानेच टी. बरो यांनी 1946 साली या भाणाचा काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुरुवातीला नेला.

पुढचा इतिहास मात्र उताराचा आहे. कालिंजरच्या चंदेल दरबारातल्या वत्सराजाचा ‘कर्पूरचरित’, वामनभट्ट बाणाचा ‘शृंगारभूषण’, रामभद्र दीक्षिताचा ‘शृंगारतिलक’ असे भाण लिहिले जातच राहिले, विशेषतः दक्षिणेत. पण त्यांचा साचा ठरून गेला. वसंतोत्सव, पहाटे निघालेला विट, कोंबड्यांच्या आणि एडक्यांच्या झुंजी, चंद्रोदयाला शेवट. भेटणारी माणसं वर्णनापुरती उरली, त्यांची उत्तरं कुणालाही शोभतील अशी झाली. शृंगार वाढला आणि ऐकण्याजोगं समोर कुणी राहिलं नाही. जुन्या भाणांतही निव्वळ क्रूर जागा आहेत. वय झालेल्या गणिकेची आणि केसांना कलप लावणाऱ्या म्हाताऱ्याची थट्टा आज वाचवत नाही. पण तिथे निदान समोरचा माणूस खरा असतो.

आपल्याकडच्या एकपात्री प्रयोगांशी या घराण्याचं नातं लावण्याचा मोह होतो. सरळ वंशावळ दाखवता येत नाही, आणि रीतही वेगळी आहे. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये 52 पात्रं उभी करत, ती प्रत्येक पात्र होऊन. आवाज, चाल, उभं राहणं, सगळं बदलून. भाणातला विट कधीच दुसरा कुणी होत नाही. तो विटच राहतो आणि दुसऱ्याचं बोलणं आपल्याच आवाजात परत करतो. म्हणून ‘चतुर्भाणी’तला एखादा भाण मराठीत करायला घेणाऱ्याने पानोपानी येणारं ते ‘काय म्हणतोस?’ कंटाळवाणं वाटलं तरी काढू नये, आणि संघिलकाचा किनरा आवाजही काढू नये. नट तिथे थांबला, कान दिला आणि भिक्षूचं वाक्य शांतपणे पुन्हा म्हणाला, तर हशा येतो. वाक्यच तसं लिहिलेलं आहे.