बसायचं कुठे?

मंडळी, या शनिवारचा विषय जरा ओला आहे, तेव्हा आई-बाबा वाचत असतील त्यांनी पुढचा लेख वाचावा :-)

पुण्यातले कलीग मला अधूनमधून विचारतात, "तुमच्या सातारा-सांगलीकडं चांगला पब कुठला रे? म्हणजे जिथे बरं म्युझिक असेल आणि समोरच्याचं बोलणंही ऐकू येईल असा?" माझं उत्तर ठरलेलं असतं, की असा नाही. त्यावर "छोटी गावं, काय करणार" असा सूर निघतो आणि तिथे माझं डोकं फिरतं. कारण हे उत्तर चुकीचं आहे. पैसा नाही म्हणून पब नाही म्हणावं, तर ऊस, हळद आणि द्राक्षांचा हा मुलूख आहे. पिणारे नाहीत म्हणावं तर... असो, हसू नका. आणि गाणं नाही म्हणावं, तर ज्या जिल्ह्यात मिरज आहे तिथल्या माणसाला हे ऐकवायचं धाडस तुम्हीच करा. तिन्ही गोष्टी भरपूर आहेत, फक्त त्या एका छपराखाली आल्या नाहीत. का आल्या नाहीत, तर मुद्दाम वेगळ्या केल्या गेल्या म्हणून.

भाषेतच बघा ना. आमच्याकडं कोणी "प्यायचं का?" असं विचारत नाही. "बसायचं का रं?" असं विचारतात. आता बसणं म्हणजे नुसतं बुड टेकणं. पण समोरच्याला ब्रँडसकट सगळं कळतं. गंमत म्हणजे गवयांच्या जगातही हेच क्रियापद आहे. तिथे गाण्याची 'बैठक' असते आणि गवई ती 'बसवतो'. मूळ एकच शब्द आहे. त्याचे दोन रस्ते झाले, एक परमिट रूमकडं गेला आणि एक दर्ग्याकडं.

आधी परमिट रूम. जन्म इथे गेल्यामुळे या शब्दाचं आपल्याला काही वाटत नाही, पण बाहेरच्या राज्यातला मित्र पाटी वाचून विचारतो, "परमिट कसलं?" मुद्द्याचा प्रश्न आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापासून दारू हा सरकारी उत्पन्नाचा मोठा झरा होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने तो झरा बुजवायचं ठरवलं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पर्यंत राज्यभर संपूर्ण दारूबंदी झाली. (त्याच १९४९ मध्ये संस्थानं विलीन झाल्यावर जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. दक्षिण सातारा म्हणजे आजची सांगली, तिला हे नाव १९६० मध्ये मिळालं. म्हणजे सांगली जिल्हा आणि दारूबंदी एकाच सालची भावंडं!) १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनांबद्दलची काही कलमं उडवली, पण कायद्याचा गाभा तसाच राहिला.

मग लोक पीत कसे होते? चोरून, नाहीतर परमिटवर. परमिटचा मूळ मुद्दा तब्येतीचा होता. या माणसाला प्रकृती सांभाळण्यासाठी मद्याची गरज आहे, सबब महिन्याला ठरावीक युनिट द्यावे, अशी ती भाषा. साठ-सत्तरच्या दशकांत सरकारने कायदा न काढता परमिट सढळ हाताने द्यायला सुरुवात केली. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. जुना कोड डिलीट करायची कोणाची हिंमत नाही, म्हणून वर एक पॅच मारला, त्यावर दुसरा, आणि सिस्टीम आजही प्रॉडक्शनमध्ये आहे. आजही महाराष्ट्रात बियरचा ग्लास उचलणारा माणूस कागदोपत्री दारूबंदीच्या राज्यातला अपवाद असतो. त्याच्याकडे एक दिवसाचा किंवा आयुष्यभराचा परवाना असणं अपेक्षित आहे. तुमच्याकडे आहे? माझ्याकडेही नाही. बारवाल्याचं लायसन्स 'एफएल-३'. ही सगळी व्यवस्था ज्या खात्याच्या हातात आहे त्याचं नाव राज्य उत्पादन शुल्क, पण माझ्या आजोबांच्या पिढीतले लोक त्याला 'दारूबंदी खातं' म्हणायचे आणि ते खातं सरकारला दरवर्षी हजारो कोटी मिळवून देतं.

या कायद्यातून जी खोली तयार झाली तिच्याकडे आता नीट बघा. परवानाधारकांनीच आत यायचं, म्हणून ती वेगळी. बाहेरच्यांना दिसू नये म्हणून काळ्या काचा किंवा जाड पडदा. आत उजेड कमी, रेक्झिनचे सोफे, भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही, टेबलावर फुटाणे आणि काकडी. पाटीवर बाण काढून 'फॅमिली रूम' पलीकडे. म्हणजे या बाजूला फॅमिली नाही, बायका नाहीत, हे वेगळं सांगायला नको. इंग्रजांच्या 'पब'चा अर्थ लोकांसाठी उघडं घर. आपली परमिट रूम बरोबर उलटी, आजाऱ्यांना औषध देण्यासाठी बांधलेली झाकलेली खोली. दवाखान्यात कोणी मैफल जमवतं का? औषध घ्यायचं आणि निघायचं. आमच्याकडची माणसं क्वार्टर पंधरा मिनिटांत का संपवतात याचं उत्तर मला तरी इथेच सापडतं.

(सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरचा क्लब १८८१ चा आहे, तिथे व्हरांडा आहे, शांतता आहे. पण तो मेंबरांचा. तुमच्या-माझ्या बसण्याच्या इतिहासात त्याला एक कंस पुरे.)

दारूची बाजू कायद्याने बंद केली. गाण्याची बाजू गवयांनीच बंद केली, आणि ही गोष्ट जास्त रंगतदार आहे.

विष्णु दिगंबर पलुस्कर मूळ कुरुंदवाडचे. लहानपणी शोभेच्या दारूने (हो, फटाक्यांची तीही दारूच!) डोळे अधू झाले, मिरज संस्थानाच्या आश्रयाला आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. असं सांगतात, की एकदा गावातल्या प्रतिष्ठितांच्या समारंभाला त्यांना बोलावणं आलं, पण त्यांच्या गुरूंना नाही. का, तर ते 'गवई'. म्हणजे गाणं ऐकायला आवडतं, पण गाणारा माणूस शेजारी बसलेला चालत नाही. १८९६ मध्ये पलुस्करांनी मिरज सोडली आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाण्याला प्रतिष्ठा मिळवून द्यायची तर त्याला कोठी, रंगमहाल आणि पेल्यापासून तोडलं पाहिजे, हे त्यांना पक्कं समजलं होतं. तिकीट लावून मैफल, शाळेसारखे वर्ग, परीक्षा, भजन. आज आपली भाची ज्या 'प्रवेशिका', 'मध्यमा' परीक्षांना बसते त्या घेणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेत आहे. या शुद्धीकरणात बरंच काही गमावलं असंही माझं मत आहे, विशेषतः गाणाऱ्या बायकांनी. पण त्या माणसाचा राग मला समजतो.

नाटकाने याच कामावर शिक्का मारला. सांगली ही नाट्यपंढरी, १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथेच केलं. पण आपल्या विषयातलं नाटक गडकऱ्यांचं 'एकच प्याला', जे १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर गंधर्व मंडळीने रंगमंचावर आणलं. नवऱ्याची दारू आणि सिंधूची गाणी. सिंधू झाले बालगंधर्व. म्हणजे मराठी मध्यमवर्गाने दारूच्या विरोधात रडत रडत गाणं ऐकलं! यानंतर त्याच प्रेक्षकाच्या नातवाने हातात पेला घेऊन नाट्यसंगीत ऐकावं अशी अपेक्षा करणं म्हणजे जास्तच झालं. नियतीचा विनोद बघा, बालगंधर्वांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं नागठाणे पलूस तालुक्यात आहे, आणि २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणातून सरकारने सांगली जिल्ह्यातलं वाइन पार्क उभारलं तेही पलूसलाच. नाशिकसारखं त्याचं बस्तान काही बसलं नाही. सिंधूचा शाप, दुसरं काय.

एक दार तेवढं उघडं राहिलं होतं, तमाशाचं. सांगलीजवळचं कवलापूर हे काळू-बाळूंचं गाव, आणि त्यांच्या गाजलेल्या वगाचं नाव 'जहरी प्याला'. इथेही प्यालाच! पण तंबूत गाणं, टवाळी आणि पिऊन आलेला प्रेक्षक एकत्र नांदायचे. पांढरपेशांनी तिकडे पाठ फिरवली, हा भाग वेगळा.

मग २००५ साल. डान्स बार बंद करणारे गृहमंत्री आर. आर. पाटील, आपले आबा, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. द्राक्षांच्या आणि बेदाण्यांच्या तालुक्यातून आलेल्या माणसाने दारू आणि गाण्याची राहिलेली शेवटची जोडीही मोडली. तारांकित हॉटेलांना मात्र त्यातून सूट होती, आणि त्यावर बोट ठेवून उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तेच कायम केलं. हजारो बायकांची रोजीरोटी एका फटक्यात गेली याचा हिशेब आमच्याकडच्या पारावर कोणी मांडला नाही. आबांचं कौतुकच झालं. मला आबा आवडायचे. तरी तो हिशेब मांडायला हवा होता असं वाटतं.

कौतुक का झालं हेही समजून घ्यायला हवं. सातारा-सांगलीच्या गावांतल्या बायकांचा दारूशी संबंध पबमधल्या मॉकटेलचा नाही. महाराष्ट्रात नियम आहे, की गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर दुकानासाठी गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडवीवर शिक्का मारला, तर दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्म्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या! या हिशेबाने आपले किती आमदार निवडून येतील? साताऱ्यातल्या बायकांनी या लढाया लढल्या आहेत. माझी मावशी अशा एका मतदानाला शेतातली भांगलण सोडून गेली होती. तिला मी "चांगला पब" ही कल्पना समजावून सांगायचा एकदा प्रयत्न केला. ती म्हणाली, "म्हंजी पिऊन गप बसत्यात? मग कशाला पित्यात?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतले बार बंद झाले, तेव्हा पुणे-बंगळूर रस्त्यावरची आमची अर्धी 'बसायची ठिकाणं' एका रात्रीत पुसली गेली. जुलैमध्ये शहरांच्या हद्दीत सवलत मिळाली आणि काळ्या काचा परत लागल्या. त्या तीन महिन्यांत आमचा ग्रुप चहावर आला. गप्पा पूर्वीपेक्षा बऱ्या झाल्या, हे ग्रुपमधलं कोणीही कबूल करणार नाही.

तर मग माझं आवडतं ठिकाण कुठलं? मिरजेचा ख्वाजा शमना मीरा दर्गा. तुम्ही दर डिसेंबरला सवाईला जाता ना? तो महोत्सव भीमसेनजींनी १९५३ मध्ये सुरू केला तो गुरू सवाई गंधर्वांसाठी. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ. जन्म १८७२ चा, दिल्लीपलीकडच्या किराण्यातला, पण आयुष्याचा मोठा काळ मिरजेत गेला. आजारपणात दर्ग्यात येऊन राहिले, गायले आणि बरे झाले अशी आठवण सांगतात. २७ ऑक्टोबर १९३७ ला पाँडिचेरीच्या प्रवासात त्रास व्हायला लागला म्हणून ते सिंगापेरुमल कोइल या छोट्या स्टेशनवर उतरले आणि तिथेच गेले. देह मिरजेला आणला. कबर याच दर्ग्यात आहे.

उरुसात त्यांच्या स्मृतीसाठी दर्ग्याच्या आवारात रात्र-रात्र गाणं चालतं. उरुसाचा मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, गाणारे हिंदू-मुसलमान दोन्ही. तिकीट नाही, परमिट नाही, फॅमिली रूम वेगळी नाही. वाद्यंही बाहेरची लागत नाहीत. पलीकडच्या गल्लीत सतारमेकर मंडळी आहेत. ही मूळची शिकलगार घराणी, तलवारींना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम संपलं तसे ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणून तंबोरे घडवायला लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही असाच गाण्याचा उत्सव असतो, तोही फुकट.

मागच्या खेपेला आमच्या टीममधल्या दोघी सोबत होत्या. रात्री दीडला त्या सतरंजीवर मांडी घालून ऐकत होत्या आणि कोणी वळून पाहिलं नाही. सातारा-सांगलीतल्या दुसऱ्या कुठल्या 'बसायच्या' जागी हे घडलं असतं ते सांगा. जायचं असेल तर स्वेटर घ्या, चहासाठी सुटे पैसे ठेवा, आणि नऊच्या आत पोचा. पाठ टेकायला भिंत हवी असेल तर आठच्या.