वारं गेलेल्या पायाला जमीन कशी कळते?

आमच्या मंठ्याकडे कुणाला लकवा झाला, तर जुनी माणसं आजही म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." हा शब्द आला कुठून ते कळायला फार लांब जावं लागत नाही. चरकसंहितेत पक्षवध, म्हणजे अर्धं अंग निकामी होणं, हा वातव्याधींमध्ये मोजला आहे. तो वात बोलीभाषेत वारं होऊन राहिला. आता आपल्याला माहीत आहे की वारं वगैरे काही जात नाही. मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, आणि मेंदूचा तेवढा भाग मरतो.

पण एक प्रश्न उरतोच. लकवा झालेला माणूस उभा राहिला की पडतो का? कुणीही सांगेल, पायातली ताकद गेली म्हणून. हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच. कारण सहा महिन्यांनी पायात बऱ्यापैकी ताकद परत आलेली माणसंसुद्धा पडतात. उरलेलं अर्धं उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना एका साध्या वस्तूची मोठी मदत झाली: थरथरणारी मोटर. कित्येक फोनमध्ये असते तशीच. एक छोटी मोटर, तिच्या दांड्यावर एका बाजूला जड असलेला तुकडा. तो फिरला की सगळं थरथरतं.

डोळे मिटले की पडणारी माणसं

ही गोष्ट मोटरीच्या आधी सुरू होते. 1840च्या दशकात बर्लिनचे डॉक्टर मोरिट्झ रोमबर्ग काही विचित्र रुग्णांबद्दल लिहीत होते. हे रुग्ण दिवसा चालत, पण अंधारात पडत. उभं करून डोळे मिटायला सांगितलं की डोलायला लागत. तोंड धुताना डोळे मिटले, तरी तोल जाई. पाय कमजोर नव्हते. पुढे कळलं की सिफिलिसमुळे त्यांच्या मज्जारज्जूचा मागचा भाग खराब झाला होता. पायांकडून मेंदूकडे बातमी नेणारी वायर तीच.

पण ही बातमी पाठवतं कोण? स्नायूंच्या आत चातीसारखे, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळते असे सूक्ष्म अवयव असतात. विल्हेल्म क्यूनं यांनी 1863 मध्ये त्यांना 'मसल स्पिंडल' म्हटलं. आपण त्यांना स्नायूतल्या चात्या म्हणू. त्यांचं काम काय, यावर बराच काळ वाद होता. 1894 मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी दाखवलं की त्या बातमी पाठवणाऱ्या आहेत. आपलं अंग कुठे आहे, कसं वळलं आहे, हे आतूनच कळण्याला त्यांनी 1906 मध्ये 'प्रोप्रिओसेप्शन' या अर्थाचा शब्द दिला. मराठीत त्याला अंगभान म्हणता येईल. डोळे मिटून तुम्ही नाकाला बोट लावू शकता, ते अंगभानामुळे.

शार्कोची खुर्ची

त्याच काळात थरथर औषध म्हणूनही वापरली जात होती. पॅरिसचे ज्याँ-मार्तँ शार्को हे त्या वेळचे सगळ्यात नावाजलेले मेंदूविकारतज्ज्ञ. पार्किन्सनचे काही रुग्ण त्यांना सांगत की रेल्वेत किंवा घोडागाडीत लांबचा प्रवास झाला की बरं वाटतं. शार्कोंनी मग थरथरणारी खुर्चीच बनवून घेतली आणि 1892 मध्ये तिच्यावर व्याख्यान दिलं. रुग्ण म्हणाले, हलकं वाटतं, झोप लागते. पुढच्याच वर्षी शार्को वारले आणि खुर्ची मागे पडली. पण 'थरथरीने नसा जाग्या होतात' ही कल्पना मागे पडली नाही. ती आजही विकली जाते.

उप्सालातली फसवणूक

खरं वळण आलं 1960च्या दशकात, स्वीडनमधल्या उप्साला शहरात. 1966 मध्ये कार्ल-एरिक हागबार्थ आणि एकलुंड यांनी एक छोटा व्हायब्रेटर माणसाच्या स्नायूच्या कंडरेवर लावला. त्या माणसाने काही ठरवलेलं नसताना तो स्नायू हळूहळू आपोआप आवळू लागला. कारण असं, की सेकंदाला साधारण ऐंशी-शंभर वेळा थरथर दिली की स्पिंडल प्रत्येक धक्क्याला एक संदेश पाठवतो. मज्जारज्जूला वाटतं, स्नायू ताणला जातोय. मग तो उलट आवळतो.

हागबार्थ आणि त्यांचे सहकारी ओके वाल्बो यांनी याच काळात टंगस्टनच्या केसाएवढ्या सुया स्वतःच्याच नसांमध्ये घालून नसांमधले संदेश ऐकायला सुरुवात केली. स्पिंडल थरथरीला कसं उत्तर देतो, हे त्या पद्धतीने पुढे थेट नोंदवता आलं.

एकलुंड यांनी मग व्हायब्रेटर टाचेमागच्या जाड कंडरेवर बांधला, माणसाला उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. माणूस मागे पडायला लागला. नडगीच्या पुढच्या स्नायूवर लावला, तर पुढे. एकलुंड यांचा यावरचा निबंध 1972चा आहे. नेमकं काय घडतं, ते सावकाश समजून घेऊ. आपण पुढे झुकतो तेव्हा पोटरी ताणली जाते. थरथरीमुळे पोटरी ताणली गेल्याची खोटी बातमी मेंदूला मिळते. मेंदू म्हणतो, पुढे पडतोय, मागे घे. माणूस सरळच उभा असतो, म्हणून मागे घेतल्यावर तो खरोखरच मागे पडू लागतो. डोळे उघडले की समोरची भिंत जागेवर दिसते आणि बराचसा तोल सावरतो.

त्याच वर्षी गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी आणखी एक समजूत मोडली. तोवर अनेकांना वाटे की स्पिंडलची बातमी मनापर्यंत पोचतच नाही; ती खालच्या खाली वापरली जाते. या तिघांनी डोळे बांधलेल्या माणसाच्या दंडाच्या पुढच्या स्नायूला थरथर दिली आणि दुसऱ्या हाताने पहिल्या हाताची जागा दाखवायला सांगितली. लोकांनी चुकीची जागा दाखवली. हात होता त्यापेक्षा जास्त सरळ झाल्यासारखा त्यांना वाटत होता. म्हणजे स्पिंडलची बातमी थेट जाणिवेत येते, आणि ती खोटी असली तरी आपण तिच्यावर विश्वास ठेवतो.

एकूण काय, तर स्नायू फक्त ओढणारी मोटर नाही, तो मोजणारा सेन्सरही आहे.

तीन सेन्सर आणि बिघडलेला हिशेब

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे मला हे फोनवरून समजतं. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, मॅपवरचा बाण वळतो. त्यामागे एक सेन्सर नसतो. एक्सेलरोमीटर, जायरोस्कोप, होकायंत्र असे अनेक असतात. प्रत्येक जण थोडं चुकतो. सॉफ्टवेअर ठरवतं की या क्षणी कुणावर किती भरवसा ठेवायचा. लोखंडी पुलावर होकायंत्र वेडं झालं, तर त्याचं वजन कमी करायचं.

उभं राहणंही असंच चालतं. डोळे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव आणि पायांचं अंगभान अशा तीन बातम्या येतात. मेंदू प्रत्येकीला वजन देतो. अंधारात पायांचं वजन वाढवतो, चिखलात डोळ्यांचं.

लकव्यात दोन गोष्टी बिघडू शकतात. एक, अर्ध्या अंगाची बातमीच नीट येत नाही. दोन, बातमी आली तरी वजनं ठरवणारा हिशेब बिघडतो. मग कित्येक रुग्ण डोळ्यांवर गरजेपेक्षा जास्त विसंबतात. फ्रान्समध्ये इझाबेल बोनान आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये यावर एक छोटा प्रयोग केला. लकवा होऊन वर्ष उलटलेल्या वीस रुग्णांना तोलाचे व्यायाम दिले; काहींना डोळे झाकून, काहींना उघडे ठेवून. डोळे झाकून सराव केलेल्यांचा तोल जास्त सुधारला. वीस जणांवरून फार मोठं बोलता येत नाही. पण दिशा कळते: हिशेब पुन्हा शिकवता येतो.

आमच्या चुलत आजोबांना लकवा झाला, तेव्हा चार महिन्यांत ते काठीने ओसरीत फिरायला लागले होते. दिवसभर काही होत नसे. ते दोनदा पडले, दोन्ही वेळा रात्री, लाइट गेल्यावर. घरात सगळे म्हणाले, अशक्तपणा. मग कुणीतरी ऑनलाइन थरथरणारा पाट मागवला. त्यावर उभं राहिलं की नसा मोकळ्या होतात, असं जाहिरातीत होतं. रोमबर्गने हे वर्णन ऐकलं असतं, तर त्याने आधी दिव्याबद्दल विचारलं असतं.

मग थरथरीने फायदा होतो का?

ही शंका हागबार्थ आणि एकलुंड यांनाही होती. 1968 मध्ये त्यांनी स्नायू कडक झालेल्या रुग्णांवर व्हायब्रेटर वापरून पाहिला. कमजोर स्नायूला थरथर दिली की काही रुग्णांना तो जास्त जोरात आवळता येई. पण परिणाम फार टिकत नसे.

त्यानंतर दोन वाटा झाल्या. एक वाट एकाच स्नायूला थरथर देण्याची. इटलीत 2010 मध्ये पाओलोनी यांच्या गटाने चालताना पंजा लोंबणाऱ्या जुन्या रुग्णांच्या नडगीच्या स्नायूला, नेहमीच्या फिजिओथेरपीसोबत, थरथर दिली आणि चालण्यात काही सुधारणा नोंदवली. ही वाट अजून तपासली जाते आहे.

दुसरी वाट थरथरणाऱ्या पाटावर पूर्ण माणूस उभा करण्याची. नेदरलँड्समध्ये फान नेस आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 53 रुग्ण घेतले. नेहमीच्या उपचारांसोबत अर्ध्यांना सहा आठवडे रोज पाट, अर्ध्यांना तेवढाच वेळ संगीतावर व्यायाम. दोन्ही गटांचा तोल सुधारला. पाटवाल्यांचा जास्त सुधारला नाही.

आणि शार्कोची खुर्ची? 2012 मध्ये अमेरिकेत संशोधकांनी ती कल्पना पुन्हा तपासली. पार्किन्सनच्या काही रुग्णांना थरथरणाऱ्या खुर्चीवर बसवलं, काहींना नुसतं शांत संगीत ऐकवलं. दोघांनाही बरं वाटलं, फरक निघाला नाही. दोन वेगळे आजार, दोन वेगळी यंत्रं, आणि दोन्ही वेळा यंत्राला संगीताच्या पुढे जाता आलं नाही.

म्हणजे थरथरीने मोठं काम केलं, पण ते प्रयोगशाळेत. माणूस बातमीवर उभा असतो, हे तिने दाखवून दिलं. ती बातमी पुन्हा वाचायला शिकण्यासाठी मात्र सराव लागतो, आणि सरावासाठी शिकवणारं माणूस.

अंतर

ते माणूस कुठे मिळतं, हाही इतिहासच आहे. भारतातली पहिली फिजिओथेरपी शाळा मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात 1953 मध्ये सुरू झाली. पोलिओने पाय गेलेली मुलं समोर होती, म्हणून. हाजी अलीची पुनर्वसन संस्था 1955ची. मराठवाड्याला औरंगाबादचं सरकारी मेडिकल कॉलेज, आपलं घाटी, 1956 मध्ये मिळालं. मंठ्याहून जालना साठ-पासष्ट किलोमीटर, तिथून घाटी आणखी साठेक. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेवढ्यासाठी हे अंतर एकदा धावून कापता येतं. पण तोलाचा सराव महिनोन् महिने लागतो. तेवढ्यासाठी आठवड्यातून तीनदा एसटीने कोण जाणार?

लकवा हा शहरातला आजार आहे असं कुणाला वाटत असेल, तर गडचिरोलीकडे बघावं. 'सर्च'च्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी तिथल्या 86 गावांतले मृत्यू तपासले. 2015 मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की तिथे मृत्यूचं पहिलं कारण लकवा होतं. साधारण सात मृत्यूंमागे एक. जे वाचतात ते घरी येतात, आणि पुढचं सगळं घरच्यांवर पडतं.

म्हणून घरच्यांना निदान एवढं माहीत हवं. फिजिओथेरपिस्टला एकदा तरी गाठून तोलाचे व्यायाम शिकून घ्यायचे. नुसतं मालिश आणि चेंडू दाबणं पुरत नाही. खुर्चीतून उठणं-बसणं, कमजोर पायावर वजन टाकणं, हे पुन्हा पुन्हा, कमजोर बाजूला कुणीतरी उभं राहून. डोळे मिटून करायचे व्यायाम तर थेरपिस्ट समोर असतानाच. पाट मागवायचे पैसे असतील, तर ते त्याच्या फीवर खर्च करावेत.

आणि लाइट गेल्यावर पेटणारा बॅटरीचा दिवा खाटेपासून संडासाच्या वाटेवर लावावा. ज्याचे पाय मेंदूला नीट बातमी देत नाहीत, तो रात्री डोळ्यांच्या भरवशावर चालत असतो.